अठरा दिवसांत बदललेले नागपूर आणि जनगणनेचा रकाना

१४ ऑक्टोबर १९५६ आणि १ नोव्हेंबर १९५६ या दोन तारखांमध्ये अवघ्या अठरा दिवसांचे अंतर आहे. पहिल्या दिवशी नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना अमलात आली, नागपूर राजधानीचे शहर राहिले नाही आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. पहिल्या तारखेने या शहरातल्या माणसांची ओळख बदलली, दुसरीने शहराचा कारभार बदलला.

नागपूरचा इतिहास लिहिणारे या दोन घटना दोन वेगळ्या प्रकरणांत टाकतात. एका प्रकरणात राजधानी गेल्याची हळहळ, नागपूर करार, अनुशेष. दुसऱ्यात, लिहिलेच तर, दीक्षाभूमी. आपल्याकडचे लेखकही दीक्षाभूमीपाशी थांबतात आणि कारभाराचे प्रकरण विदर्भवाद्यांना सोडून देतात. आमचे म्हणणे असे आहे की ही दोन प्रकरणे एकत्र वाचली नाहीत, तर आपला समाज सरकारी कागदावर कुठे मोजला गेला, कुठून वगळला गेला आणि त्यात आपले काय काय गेले हे कळणारच नाही. हे आत्ताच कळण्याची गरज आहे, कारण १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून देशाची जनगणना होते आहे आणि यावेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे.

आधी थोडे मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवले. पुढे भोसले आले, त्यांच्यामागे मराठे सरदार, ब्राह्मण कारकून, कोष्टी विणकर आले. ज्यांनी शहर वसवले ते गोंड आपल्याच शहरात बाजूला पडले. आज नागपूरच्या शाळेत मुलांना भोसल्यांचा वाडा दाखवतात, बख्त बुलंद शहाचे नाव किती मुलांना माहीत असते हे विचारून पाहावे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाले. १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये रेल्वे आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

इथून आपला इतिहास सुरू होतो, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

नागपूरकडचा महार आणि पश्चिम महाराष्ट्रातला महार यांच्या परिस्थितीत एक मोठा फरक होता. या भागात महारांचा मोठा वर्ग जाडेभरडे कापड विणायचा. गावची कोतवाली होती, मेलेली ढोरे ओढणे होते, अस्पृश्यता तर होतीच. पण हातात एक हुन्नर होता आणि त्या हुन्नराला बाजार होता. मिलच्या सुताने आणि मिलच्या कापडाने हा बाजार खाल्ला. मागावर बसणारा माणूस मिलच्या दारात जाऊन उभा राहिला. नागपूरच्या इतिहासात याला ‘औद्योगिक प्रगती’ म्हणतात. ज्याचा माग बंद पडला त्याला ती प्रगती वाटली असेल असे आम्हाला वाटत नाही, पण तिने एक गोष्ट नक्की केली. गावातल्या बलुत्याच्या, भाकरीच्या मोबदल्याऐवजी आठवड्याला, महिन्याला रोकड हातात येऊ लागली. रोकड पाटलाच्या मर्जीवर नसते. मिल, रेल्वे, बिडी कारखाने, कामठीच्या छावणीतली कामे, लहानमोठी कंत्राटे यांतून एक असा वर्ग उभा राहिला जो मुलाला शाळेत घालू शकत होता, वर्गणी देऊ शकत होता, वर्तमानपत्र विकत घेऊ शकत होता.

म्हणून चळवळही इथे लवकर उभी राहिली. मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी बाबासाहेब सार्वजनिक जीवनात येण्याच्या कितीतरी आधी नागपुरात मुलींच्या शाळेचे काम केले, छापखाना चालवला, पत्रे काढली. डोक्यावर ओझी वाहून नागपूर-कामठी पायी जाणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या आणि त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांना संघटित केले. १९३७ मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत, गेले. आज आपण एकमेकांना ‘जय भीम’ म्हणतो ती देणगी त्यांची. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालची बहिष्कृत परिषद नागपुरात, १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालची अखिल भारतीय परिषद नागपुरात, जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात. देशाच्या मध्यावरचे रेल्वे जंक्शन हे एक कारण झाले. जेवणाखाणाची, मंडपाची, स्वयंसेवकांची सोय स्वतःच्या कमाईतून करू शकणारा समाज इथे होता, हे त्याहून मोठे कारण.

१९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या १ लाख २७ हजार होती. १९४१ मध्ये ती तीन लाखांच्या वर गेली आणि १९५१ मध्ये साडेचार लाखांच्या घरात. ही वाढ कोणाची होती? इंदोरा, पाचपावली, गड्डीगोदाम, खलाशी लाईन, इमामवाडा, रामबाग, लष्करीबाग या वस्त्या कोणाच्या आहेत? नावातच उत्तर आहे. खलाशी लाईन म्हणजे खलाशांची लाईन. इंदोऱ्याजवळच्या बेझनबागला नाव मिळाले ते एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक सर बेझनजी मेहता यांचे. १९४७ नंतर शेजारच्या जरीपटक्यात सिंधी निर्वासित आले. मोमिनपुऱ्यात मुस्लिम विणकर होते, मध्य नागपुरात कोष्टी. कामाने माणसे आणली आणि जातीने त्यांना वेगवेगळ्या मोहल्ल्यांत बसवले.

या वाढणाऱ्या शहराचा कारभार कोण करत होते? नगरपालिकेचा मतदार होण्यासाठी मालमत्ता लागायची, घरपट्टी लागायची. मिलमध्ये दहा तास राबणारा, भाड्याच्या खोलीत किंवा नझुलाच्या जागेवर झोपडी टाकून राहणारा माणूस त्या यादीत बसत नव्हता. नगरपालिकेला आपली सर्वांत जास्त गरज होती ती मैला उचलायला, आणि ते काम करणाऱ्या समाजाची नोंद नगरपालिकेकडे हजेरीपटावर होती, मतदार यादीत नव्हती. (जाता जाता एक: सफाई कामगारांच्या समाजातून आलेले, दीक्षा घेतलेले रामरतन जानोरकर पुढे याच शहराचे महापौर झाले. आपल्या तरुणांना त्यांचे नाव सांगावे लागते, ही आपली उणीव आहे. बौद्ध म्हणजे फक्त पूर्वाश्रमीचे महार, असे आपणच समजून बसलो आहोत.)

१९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. मुंबईत प्लेगनंतर जे सुधार मंडळ आले त्याच जातीचे हे यंत्र: गलिच्छ वस्त्या हटवायच्या, रस्ते रुंद करायचे, ले-आउट पाडून भूखंड विकायचे. नंतर १९५१ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. म्हणजे शहराच्या जमिनीवर एकाच वेळी महापालिका, सुधार प्रन्यास आणि जिल्हाधिकाऱ्यांचा नझूल विभाग असे तीन मालक बसले. रेल्वे, संरक्षण खाते, मिलची जागा ती वेगळीच. उत्तर नागपुरात पट्ट्यासाठी फिरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. तो सांगेल की महापालिका म्हणते जागा प्रन्यासची, प्रन्यास म्हणतो नझुलाची, नझूल म्हणतो मोजणी करून आणा. पुढे गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा नागपुरात ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे शब्द घराघरात गेले. प्लॉट घेतला, पैसे भरले, पण आरएल मिळाले नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, हे दुखणे आपल्यातल्या नोकरदार वर्गाचेही आहे. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. त्यांतल्या कितीतरी वस्त्या प्रन्यासाहून जुन्या. तरी अतिक्रमण त्यांचेच ठरते.

आता पुन्हा १९५६ कडे.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, नागपूरच्या महापालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांना काय घडले आहे हे कळले होते. पण दिल्लीच्या कागदावर वेगळेच घडले. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश सांगत होता की हिंदू धर्म न मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ मध्येच त्यात शिखांची भर पडली. बौद्धांची नाही. त्यामुळे १३ ऑक्टोबरला अनुसूचित जातीचा असलेला इंदोऱ्याचा गिरणी कामगार १५ ऑक्टोबरला केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा राहिला नाही. त्याची खोली तीच, मिलचे खाते तेच, विहिरीवरची शिवीही तीच.

१ नोव्हेंबरने दुसरी कात्री चालवली. तोवर बालाघाट, छिंदवाडा, दुर्ग हे जिल्हे आणि नागपूर एकाच राज्यात होते. बालाघाटच्या महाराला नागपूर हे आपल्या राजधानीचे शहर होते. सोयरिकी तिकडे, कामधंदा इकडे. त्या दिवसापासून तो परराज्यातला झाला. पुढे जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागण्याची पद्धत घट्ट झाली, तेव्हा नंतरच्या काळात रोजगारासाठी आलेल्या या कुटुंबांची मुले जात पडताळणीच्या खेपा घालू लागली. ज्या नागपुरात ती जन्मली, वाढली, तिथे त्यांना महाराष्ट्राचे आरक्षण नाही, आणि मध्य प्रदेशात त्यांचे कोणी उरले नाही. राजधानी गेल्याचे दुःख करणाऱ्या लेखांत या कुटुंबांचा उल्लेख आम्हाला कधी सापडला नाही.

आता आकडे पाहू. या लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे कंटाळा न करता वाचावा.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आत. १९६१ मध्ये ते झाले २७ लाख ८९ हजार. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत, तलवार न उपसता, झालेले असे परिवर्तन शोधून काढावे लागेल. आपल्या व्याख्यानांत हा आकडा अभिमानाने सांगतात आणि सांगितलाच पाहिजे. पण त्याच जनगणनेच्या शेजारच्या रकान्यात काय झाले ते कोणी सांगत नाही. १९६१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण नोंदले गेले ५.६ टक्के. १९७१ मध्ये ६ टक्के. १९८१ मध्ये ७.१ टक्के. मग १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ च्या जनगणनेत हे प्रमाण एकदम ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत कोणी आकाशातून पडले नव्हते. माणसे तिथेच होती, रकाना उघडला एवढेच.

तीस वर्षे रकाना बंद होता, त्याची किंमत काय? महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, त्यामुळे राज्याच्या शिक्षणात आणि नोकऱ्यांत दार उघडे राहिले. त्याचे श्रेय द्यायला हरकत नाही. केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या मात्र बंद. नागपूरसारख्या शहरात, जिथे रेल्वे, टपाल, आयुध निर्माणी, महालेखापालांचे कार्यालय ही केंद्राची मोठी कार्यालये होती, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. घरातला एक भाऊ कागदावर हिंदू राहिला आणि रेल्वेत लागला, दुसऱ्याने शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहिले आणि तो मिलमध्ये गेला, अशी घरे आमच्या वस्तीत आजही दाखवता येतील. पहिल्याला गद्दार म्हणण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही की कोणाला आहे. पोटाला विचारून लिहिलेला तो धर्म होता.

राजकीय किंमत आणखी मोठी आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या राखीव जागा जनगणनेतल्या अनुसूचित जातींच्या प्रमाणावर ठरतात. १९७१ च्या जनगणनेवर आधारित मतदारसंघ रचना १९७६ मध्ये झाली आणि मग ती गोठवली गेली. त्या रचनेत महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ जागांपैकी अनुसूचित जातींना ३, विधानसभेच्या २८८ पैकी १८. बौद्ध मोजलेच नव्हते, त्यामुळे गणित तसेच निघणार. १९९० मध्ये कायदा बदलला, पण जागा बदलल्या नाहीत, कारण रचना गोठलेली. २००१ च्या आकड्यांवर २००८ मध्ये नवी रचना आली तेव्हा या जागा झाल्या ५ आणि २९. नागपूर जिल्ह्यातला रामटेक लोकसभा मतदारसंघ याच रचनेत राखीव झाला. म्हणजे धम्मदीक्षेपासून ५२ वर्षे महाराष्ट्रातला अनुसूचित जातींचा राजकीय वाटा बौद्धांना वगळून मोजला गेला. दर निवडणुकीत लोकसभेच्या दोन आणि विधानसभेच्या अकरा जागा. रिपब्लिकन पक्ष का फुटला, नेते का विकले गेले, यावर आपण रात्र रात्र बोलतो. ते बोलायला हवेच. पण ज्या मैदानात तो पक्ष खेळत होता ते मैदानच कापून लहान केले होते, हे त्या चर्चेत कधी येत नाही.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये जो देशव्यापी सत्याग्रह झाला, ज्यात लाखो माणसे तुरुंगात गेली, तो आपल्याला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून माहीत आहे. त्याच्या मागण्यांत बौद्धांना सवलती द्या ही मागणीही होती. त्या पिढीला रकान्याची किंमत कळत होती. त्यानंतर ती जाणीव हळूहळू पुसट झाली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतरासाठी इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलावर आपली पोरे पोलिसांच्या गोळ्यांना सामोरी गेली. एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी जीव देणारा हा समाज आहे. त्याच समाजाने जनगणनेच्या अर्जावरच्या नावाकडे पाठ फिरवावी, हे कोडे आहे.

पाठ फिरवली असे आम्ही का म्हणतो? २०११ चे आकडे पाहा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्यांपैकी अनुसूचित जाती म्हणून नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. उरलेले तेरा लाखांहून अधिक बौद्ध कुठल्या रकान्यात गेले? यात काही जण इतर समाजांतून बौद्ध झालेले आहेत, ओबीसी आहेत, आदिवासी आहेत, ते अनुसूचित जातीत येणारच नाहीत. पण तेरा लाख? आम्ही वस्तीत अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यावरून सांगतो, उत्तर अगदी साधे आहे. प्रगणक विचारतो, धर्म? बौद्ध. जात? बौद्ध. किंवा नवबौद्ध. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही, ‘नवबौद्ध’ नावाचीही नाही. त्या यादीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे, मेहतर आहे. यादीतले नाव सांगितले नाही तर तो माणूस बौद्ध म्हणून मोजला जातो, अनुसूचित जातीचा म्हणून मोजला जात नाही. १९६१ मध्ये सरकारने रकाना बंद केला होता. २०११ मध्ये तो उघडा होता.

नागपूर शहरापुरते गणित आणखी जवळून करता येते. महापालिकेची प्रभागरचना ज्या आकड्यांवर झाली त्यांत २०११ ची लोकसंख्या २४ लाख ४७ हजार ४९४, अनुसूचित जाती ४ लाख ८० हजार ७५९. म्हणजे १९.६ टक्के. एकूण जागा १५१, त्याचे १९.६ टक्के म्हणजे २९.६६, पूर्णांकात ३०. सरासरीने एका नगरसेवकामागे माणसे येतात सोळा हजार दोनशे. म्हणजे शहरात सोळा हजार लोकांनी जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ सांगितले की एक राखीव जागा जाते. इंदोरा ते नारी या पट्ट्यात सोळा हजार माणसे म्हणजे काही फार नव्हेत. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी, दलित वस्तीचे रस्ते आणि नाल्या, वसतिगृहांच्या जागा, सगळे याच टक्क्यावर चालते.

रकान्यासाठी कोर्टात जाणारे लोकही याच शहरात आहेत. मध्य नागपुरातल्या हलबा-कोष्टींनी अनुसूचित जमातीत मोजले जावे म्हणून दशकानुदशके भांडण केले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. त्या दाव्याच्या बाजूने आम्ही नाही, खऱ्या आदिवासींच्या हक्काचा तो प्रश्न आहे. पण नोंदीचे महत्त्व त्या समाजाला किती कळले होते ते पाहा. आपल्याला तर कायद्याने दिलेला हक्क आहे.

दरम्यान शहरही जागेवर राहिलेले नाही. १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेस मिलमधून हात काढला, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. मिल कामगारांची मुले एमआयडीसीत कंत्राटी कामगार झाली, काही शिकून पुण्याला गेली. शहर हिंगणा, वाडी, कामठी रोड, बेसा या बाजूंनी बाहेर सांडले. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजार होती आणि त्यातले ६८ टक्के लोक शहरी. म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेर जवळपास पावणेआठ लाख ‘शहरी’ माणसे. त्यांतल्या डिगडोहसारख्या वस्त्या जनगणनेच्या लेखी शहर आणि कारभाराच्या लेखी ग्रामपंचायत होत्या. २०१७ पासून ७१९ गावांवर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. तिथे आराखडा ठरवणारे लोकांनी निवडलेले नाहीत. महापालिकेतही मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, आयुक्तच प्रशासक. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचे खोदकाम सुरू झाले ते याच प्रशासकीय राजवटीत, आणि १ जुलै २०२४ ला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ते थांबले. निवडून आलेली माणसे नसतात तेव्हा आपल्याकडे फक्त संख्या उरते, आणि ती कागदावर नसेल तर रस्त्यावर दाखवावी लागते.

आता २०२७. या जनगणनेचे महत्त्व नेहमीहून जास्त आहे. लोकसभा-विधानसभेची रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, म्हणजे पुढची रचना याच आकड्यांवर होऊ शकते. अनुसूचित जातींची जातवार नोंद स्वतंत्र भारतात दरवेळी होत आली आहे, आपल्यासाठी तो रकाना नवा नाही. नवे आहे ते इतरांसाठी. उद्या प्रत्येक जात आपला आकडा घेऊन दारात उभी राहील, तेव्हा आपला आकडा तेरा लाखांनी तोकडा असून चालणार नाही.

यावर आपल्याच कार्यकर्त्यांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे, आणि तो हलका नाही. आम्ही जात सोडून धम्मात आलो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, आता पुन्हा ‘महार’ म्हणून लिहायचे? मुलांना कधी न सांगितलेला शब्द प्रगणकासमोर उच्चारायचा? एका बैठकीत एका ताईंनी हे विचारले तेव्हा सभागृहात कोणी लगेच बोलले नाही. आमचे उत्तर असे आहे. धर्माचा रकाना आपण काय आहोत ते विचारतो. तिथे बौद्धच लिहायचे, दुसरा शब्द नको, आणि कोणी प्रगणक परस्पर ‘हिंदू’ टाकत असेल तर त्याला तिथेच अडवायचे. जातीचा रकाना मात्र आपल्या श्रद्धेची चौकशी करत नाही. या समाजव्यवस्थेने आपल्या कुटुंबाला कुठल्या नावाने वागवले, आणि म्हणून राज्यघटनेने कोणती देणी मान्य केली, त्याची ती नोंद आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, पडताळणी समितीसमोर आपण तो शब्द लिहितोच. दाखला काढताना चालतो आणि जनगणनेत चालत नाही, याला तत्त्व म्हणता येणार नाही. ज्यांचा विवेक तरीही मान्य करत नाही, त्यांनी जरूर लिहू नये. पण गैरसमजाने, घाईने किंवा प्रगणकाच्या आळसाने कोणाचीही नोंद चुकू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

आम्ही उत्तर नागपुरात विहारांतून हे काम सुरू केले आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास. घरातल्या सर्वांची नावे, जन्मतारखा, धर्म, दाखल्यावर जशी आहे तशी जात, मातृभाषा एका कोऱ्या कागदावर लिहून घ्यायची आणि तो कागद दाराच्या मागे चिकटवून ठेवायचा. प्रगणक बहुधा दुपारी येतो, तेव्हा घरात म्हातारी किंवा शाळेतून आलेले पोर असते. त्यांनी तो कागद पुढे करायचा. मातृभाषेच्या रकान्यात पाली लिहा असा प्रचार अधूनमधून होतो, त्यावर वेगळे बोलावे लागेल. स्वगणना मोबाईलवरून करता येणार आहे, तिथे शिकलेल्या पोरांनी स्वतःच्या घराबरोबर शेजारच्या दोन घरांचे भरून द्यावे. खलाशी लाईनच्या एका विहारात पहिल्याच रविवारी चाळीस घरांचे कागद तयार झाले. त्यांतल्या एकवीस घरांनी जातीसमोर आधी ‘बौद्ध’ लिहिले होते.